उजव्या मानेतून डोळ्यामागे येणारी डोकेदुखी – कुणाला असा त्रास आहे का?

सुईदोरा:
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 16 वर्षं ब्लाउज शिवते, चार वर्षांपासून आरी वर्क, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या कापडावरचं भरतकामही घेते. वय 41. जरा सविस्तर लिहिते, कारण डॉक्टरांपुढे बसलं की निम्मं सांगायचं राहून जातं.

दुखणं निघतं ते कायम उजवीकडूनच. कानाच्या मागे, केस संपतात तिथे, कवटीच्या कडेखाली बोट दाबलं की कळ येते. तिथून वर चढतं आणि तासाभरात उजव्या डोळ्याच्या मागे येऊन बसतं. इतक्या दिवसांत एकदाही डावीकडे गेलेलं नाही. ठणका नसतो, आतून कुणी ओढून धरल्यासारखं वाटतं. उलटी-मळमळ नाही. रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायचं तर आख्खं अंग वळवावं लागतं, मान अर्ध्यातच अडते.

आरीची फ्रेम मी मांडीच्या उंचीवर ठेवते. उजव्या हातात सुई, डावा हात खालून दोरा पुरवतो. ट्यूबलाइट उजव्या भिंतीवर, म्हणून मान खाली आणि थोडी उजवीकडे कलती. नवरीच्या एका ब्लाउजला तीन-तीन दिवस जातात. तुळशीचं लग्न झालं की कामं यायला लागतात, मे महिन्यात तर रात्रीचे बारा-एक होतात. पाऊस लागून काम कमी झालं की डोकंही उतरतं. एवढं साधं लक्षात यायला मला तीन पावसाळे लागले.

आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या. मग चष्म्याचा नंबर बदलला. मग एक्स-रे काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाले आणि गळ्याला पट्टा दिला. दोन महिने दिवसभर घातला. घातला की बरं वाटायचं, काढला की डोकं पेलवेना. आता मेडिकलमधून आणलेली गोळी रोज एक, लग्नसराईत दोन. सासूबाई म्हणतात, उसण भरली आहे, पायाळू माणसाचा पाय लावून घे. शेजारचे दादा म्हणतात, सलूनमध्ये मान मोडून घेतली की मोकळं होतं.

मानेमुळे डोळ्यामागे दुखू शकतं का? आणि झीज म्हणजे हे आता जन्माचं का? मुलगी बारावीला आहे, घर माझ्या मशीनवर चालतं. शिवण सोडा, असं कृपा करून सांगू नका.

मणकामित्र:
ताई, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही रोज शोधत असतो: एकच बाजू, मानेच्या वरच्या टोकाशी सुरुवात, वळण्यात अडथळा, आणि मान वाकवून केलेल्या कामाशी थेट नातं.

होय, मानेमुळे डोळ्यामागे दुखू शकतं. मानेतल्या वरच्या तीन मणक्यांच्या नसा आणि कपाळ-डोळ्याकडून येणारी चेहऱ्याची नस, दोन्हींचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच ठिकाणी पोहोचतात. मग दुखणं मानेच्या सांध्यातलं असलं तरी मेंदूला ते डोळ्यामागचं वाटतं. नॉर्वेचे डॉक्टर शोस्ताद यांनी 1983 साली या डोकेदुखीला वेगळं नाव दिलं, सर्व्हायकोजेनिक हेडेक, म्हणजे मानेतून निघणारी डोकेदुखी.

‘झीज’ या शब्दाने घाबरू नका. चाळिशीनंतर मान अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ती दिसते. फिजिओकडे गेलात तर ते तुमची हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून मग डोकं दोन्हीकडे वळवून बघतील. तशा स्थितीत वळणं मुख्यतः पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं, निरोगी मान प्रत्येक बाजूला साधारण 44 अंश जाते. तुमची उजवी बाजू किती कमी भरते, ते लगेच कळेल.

पट्टा बंद करा, पण एकदम नको, तास कमी करत आणा. तो घातला की मानेचे आतले स्नायू काम सोडतात, म्हणूनच तुम्हाला डोकं पेलवेनासं झालं. त्याच स्नायूंना पुन्हा कामाला लावायचं. उताणं झोपून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी आत घ्यायची, 10 सेकंद धरायची, 10 वेळा. जोर लावायचा नाही. ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर असे हलके व्यायाम आणि हाताने केलेले उपचार सहा आठवडे करून पाहिले, 2002 मध्ये ते छापून आलं. वर्षभरानंतरही त्यांची डोकेदुखी कमीच होती.

आता गोळीबद्दल, आणि हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं) असेल तर 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली तर गोळीच डोकेदुखी तयार करते. तुमचं बहुधा आता दोन्ही मिळून दुखतंय. गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सांगण्यानुसार सोडा. सुरुवातीचे काही दिवस जास्त दुखेल, ते धरून चला.

आणि मान मोडून घेऊ नका. कुणाच्याही हातून नको. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून लकवा झालेले रुग्ण असतात. पायाळूचा पायही नको. अचानक कधी नव्हे असं भयंकर दुखलं, ताप येऊन मान ताठली, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली किंवा दिसायला कमी आलं, तर व्यायामबियाम सोडून त्याच घडीला दवाखाना गाठायचा.

अर्धशिशीवाला:
माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो. माझीही मान दुखायची आणि मी सात वर्षं मानेवरच उपचार केले. पण माझं दुखणं कधी डावीकडे, कधी उजवीकडे, उजेड सहन होत नसे, उलट्या व्हायच्या. शेवटी निघाली अर्धशिशी, आणि मान दुखणं हा तिचाच भाग होता. तुमचं तसं वाटत नाही, पण डॉक्टरांना मळमळ आणि उजेडाबद्दल आवर्जून सांगा.

कांडी:
ताई, मी येवल्यात मागावर पैठणी विणतो. मान मोडेपर्यंत काम म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे. घड्याळ लावून उठणं आपल्याला जमत नाही, हात लागलेला असतो. मी कांडीवरचा दोरा संपला की उठतो. तुम्ही एक बुट्टी भरली की उठा, मशीनवर असाल तर बॉबिन संपली की. दोन मिनिटं खांदे फिरवायचे, लांब बघायचं. आणि फ्रेम वर घ्या. आपली मान कामाकडे जाते, काम मानेकडे यायला पाहिजे.

सुईदोरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहितेय. फ्रेमच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, फ्रेम आता छातीच्या खाली येते. ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर घेतली, वायरमनने 150 रुपये घेतले. मिरजेला फिजिओताईंनी मान वळवून बघितली, उजवीकडे डावीच्या निम्मीच जात होती. डॉक्टरांनी गोळी बंद केली. पहिले नऊ दिवस फार वाईट गेले, दोन ऑर्डरी जावेकडे दिल्या. या महिन्यात डोकं चार वेळा दुखलं, गोळी दोनदाच घेतली. सासूबाईंना मणकामित्रदादांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. आता संध्याकाळी त्याही माझ्या शेजारी उताण्या झोपून हनुवटी आत घेतात.