मदत हवी आहे: बहीण दहावीला आहे, पहाटेच्या अभ्यासाचं काय करावं?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे. शनिवारी रात्री गावी जातो, सोमवारी पहिल्या गाडीनं परत येतो. धाकटी बहीण यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे. तिच्याबद्दल विचारायचं आहे. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

आमच्याकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पिरनवाडीहून चोर्ल्याकडे जाणारा रस्ता डिसेंबरात सकाळी धुक्यात नुसता बुडालेला असतो. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि झाडीमुळे अंगणात ऊन यायला साडेआठ होतात. बहीण साडेचारला उठते. सव्वासहापर्यंत अभ्यास, मग अंघोळ, आणि पावणेसातला बॅटरी घेऊन घरातून निघते, कारण फाटा दीड किलोमीटरवर आहे आणि सव्वासातची बस चुकली की जादा तास बुडतो. संध्याकाळी घरी यायला साडेसहा होतात. आता मळणी संपली आहे. नाहीतर महिनाभर आल्या आल्या खळ्यावरच जात होती. जेवून पुन्हा पुस्तक घेते ते अकरापर्यंत. म्हणजे झोप साडेपाच तास.

साडेचारची वेळ मीच लावून दिली. माझ्या दहावीला मी तसाच उठायचो, म्हणून बाबांना सांगून ठेवलं होतं की हिला उठवत जा. बाबा न चुकता उठवतात. ती कधी नाही म्हणाली नाही.

गेल्या रविवारी मी घरी होतो. पाच-सव्वापाचला पाणी प्यायला उठलो तर पडवीतल्या खोलीत दिवा दिसला. दार उघडलं. ती भिंतीला टेकून बसली होती, गणिताची वही मांडीवर, पेन बोटांत तसंच. समोर घमेल्यात इंगळ. आई रोज हंड्याखालचे इंगळ त्यात काढून तिला शेकायला देते. खिडकीच्या फटीतून वारं येतं म्हणून तिथं गोणपाट कोंबलेलं, दार लावलेलं. मला बघून म्हणाली, “दादा, डोकं लई जड झालंय.” उठायला गेली तर झोक गेला आणि उंबऱ्यातच उलटी झाली. मी धरून अंगणात आणलं, घोंगडी गुंडाळली. अर्ध्या तासानं चेहरा जरा बरा दिसला. म्हणाली, आठवडाभर असंच होतंय, पण मला वाटलं झोप कमी पडते म्हणून.

बाबांचं म्हणणं पित्त झालं असेल. तेव्हापासून ती त्या खोलीत बसत नाही. स्वयंपाकघरात आईच्या शेजारी बसते, तिथं धूर आणि आईची कामाची घाई. सहामाहीला विज्ञानात मार्क कमी झाले, कन्नडचा पेपर तर जेमतेम. पूर्वपरीक्षा आली, मार्चात बोर्ड. मी आठवड्यातून एकच दिवस घरी, त्यात काय करू ते सांगा. साडेचारला उठणं बंद करावं का? ऊब कशी द्यावी? खोली बरी होती, एकांत होता. आणि अंधारात फाट्यापर्यंत जाणं मला आता बघवत नाही. मागच्या महिन्यात रस्त्याकडेला गवे दिसले होते.

प्रतिसाद (एक नर्सताई, बेळगाव):

दादा, बाकीचं नंतर. ते घमेलं पहिलं घराबाहेर काढा, आणि पुन्हा आत आणू नका. ते पित्त नव्हतं. बंद खोलीत इंगळ किंवा कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. म्हणून डोकं जड, चक्कर, मळमळ, आणि मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठतच नाही. तुमच्या बहिणीनं पेन धरलेलं असताना तुम्ही दार उघडलंत हे फार बरं झालं.

तिला एकदा दवाखान्यात दाखवून आणा. नुसती खिडकी किलकिली ठेवून इंगळ चालतील असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. आईंनाही समजावून सांगा, पण दोष देऊ नका. आमच्या आयांनी सगळ्यांनी हेच केलंय. फरक इतकाच की कौलांच्या फटींतून वारं खेळायचं. आता स्लॅब आले, खिडक्यांना काचा आल्या.

ऊब अंगाला द्या, खोलीला नको. थंडी जमिनीतून चढते. खाली गोणपाट, वर घोंगडी, पायांत लोकरीचे मोजे, कानटोपी. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची, तास-दीड तास पुरते. झाकण मात्र घट्ट बघा.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर तालुका):

मी तीस वर्षं पोरांना “पहाटे उठा” असंच सांगत आलो. पहाटे डोकं ताजं असतं, पण ते नऊला झोपणाऱ्याचं. अकराला झोपून साडेचारला उठणारं पोर पुस्तकासमोर बसतं, त्याच्या डोक्यात काही उतरत नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं, झोप आणणारा मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा पाझरतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. तुमची बहीण रोज निदान अडीच तास तोट्यात आहे. माझं मत स्पष्ट आहे: साडेचार बंद करा. साडेनऊला दिवा मालवायचा, साडेपाचला उठायचं. सकाळी अर्धा-पाऊण तास फक्त पाठांतराचं, सूत्रं, आकृत्या. गणित संध्याकाळी, जागेपणी.

आता मार्कांचं. आपल्या कर्नाटक बोर्डाची दहावी सव्वासहाशेची. पहिली भाषा १२५, बाकी पाच विषय प्रत्येकी १००. मराठी माध्यमाच्या मुलांना त्या १२५ चा मोठा आधार असतो, आणि तोच पेपर पोरं “येतोच की” म्हणून सोडून देतात. व्याकरण, निबंध, पत्र याला आठवड्याचे दोन तास दिले तर विज्ञानातली तूट तिथं भरून निघते. कन्नडसाठी तुम्हीच मास्तर. फाउंड्रीत रोज बोलता की नाही? रविवारी तासभर फक्त कन्नडात बोला तिच्याशी. चुकलं तर हसू नका. पोरं पेपरात अडतात ती शब्दांना नाही, वाक्य जोडायला.

प्रतिसाद (एक आई, कणकुंबी बाजू):

भाऊ, अंधारात एकटीला पाठवू नका. आमच्या वाडीतल्या चार मुली एका घरी जमतात, मग सगळ्या मिळून जातात, एक बापई माणूस सोबत. रोजची पाळी ठरलेली. सरकारच्या शक्ती योजनेत मुलींना बसचं तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं, पण गर्दी झाली की गाडी फाट्यावर थांबत नाही हे आम्हीही भोगलं. आम्ही शाळेच्या लेटरहेडवर अर्ज घेतला, मुलींची नावं आणि थांबा लिहून डेपो मॅनेजरकडे दिला, पोच घेतली. तोंडी सांगून काही होत नाही. आणि शाळेत जाऊन विचारा, जादा तास संध्याकाळी घेता येईल का. लांबच्या मुली किती आहेत ते सरांना बहुतेक माहीतच नसतं.

मूळ प्रश्नकर्ता, बारा दिवसांनी:

सगळ्यांचे आभार. नर्सताई, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घमेलं गोठ्यामागं नेऊन पालथं घातलं असं बहिणीनं सांगितलं. दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं जे तुम्ही लिहिलंत. आता काही त्रास नाही.

गोणपाट खिडकीतून काढून जमिनीवर अंथरलं आहे. बेळगावहून मोजे आणि रबरी पिशवी नेली. बाबांना साडेनऊचं पटायला वेळ लागला. पहिले तीन दिवस ते साडेचारला सवयीनं उठले, तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. सर, ती आता साडेपाचला आपली आपण उठते. रविवारी कन्नडात बोललो. ती म्हणाली तुझं कन्नड कारखान्यातलं आहे, पुस्तकात असं नसतं, आणि माझीच दोन वाक्यं दुरुस्त केली.

शाळेत गेलो होतो. सरांनी यादी काढली तर अशा अकरा मुली निघाल्या. तास साडेआठऐवजी दुपारच्या सुट्टीनंतर घेऊ म्हणालेत, पण पूर्वपरीक्षा झाल्यावर. तोवर सोबतीची पाळी लावली आहे, आमच्या वाडीतून तिघीच आहेत. अर्ज दिला, पोच मिळाली, गाडी अजून कधी थांबते कधी नाही. ताई, तुमच्याकडे अर्जानंतर किती दिवसांनी फरक पडला? पुन्हा जायचं तर एकटा जाऊ की बाकीच्या पालकांना घेऊन?