धोंडू नावाला हसणाऱ्यांसाठी (जरा मोठं झालंय)

रत्नांग्रीवाला
काल एक पोस्ट फिरत होती, 'आपल्या आजोबांची हास्यास्पद नावं'. धोंडू पहिल्या नंबरवर. खाली लिहिलेलं की अडाणी आईबापांना पोरांची किंमत नव्हती म्हणून दगडधोंडे नावं ठेवायचे, बरं झालं मेली ही नावं. मी पण अंगठा फिरवून पुढे गेलो असतो पण आमचे आजोबा धोंडू. जन्म १९३१, खेड तालुका. पणजीची आधीची तीन मुलं गेली होती, एक देवीच्या रोगाने आणि दोन तर बारशाच्या आधीच. हा चौथा झाला तेव्हा तिने त्याला सुईणीच्या ओटीत टाकला आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतला. म्हणजे हा आता माझा नाहीच, कोंड्यावर आणलेला कुणाचा तरी, याला माझी दृष्ट नको आणि यमाचं लक्ष तर नकोच नको. आणि नाव ठेवलं धोंडू, कारण धोंडा कोण उचलून नेतो? आजोबा ८८ वर्षं जगले. ज्या बाईला पोराची किंमत नसते ती एवढे उद्योग करत नाही. आणि अडाणीच म्हणायचं असेल तर धोंडो केशव कर्व्यांच्या आईबापांनाही म्हणा. १८५८ चा जन्म, १९६२ ला गेले, १०४ वर्षं. नाव लागू पडलं म्हणायचं!

बाळाचे_बाबा
पोस्ट माझीच. गंमत होती हो, एवढं मनाला लावून घ्यायचं काही नव्हतं. पण आता काढलंच आहे तर सांगा, वर्गात पोराला 'ए धोंड्या' म्हणून चिडवलं की तो पणजीची आणि कोंड्याची गोष्ट सांगत बसणार का? माझ्या वडिलांच्या ऑफिसात एक धोंडीराम होते, रिटायर होईपर्यंत डी. आर. म्हणून वावरले, मुलीच्या लग्नपत्रिकेतसुद्धा डी. आर. छापलं. त्यांना विचारा नावाचा अभिमान. आणि तुम्ही एवढे धोंडूवाले, तर तुमच्या मुलाचं नाव काय ते पण येऊ द्या.

रत्नांग्रीवाला
रेयांश. बायकोने ठेवलंय. त्याचा इथे संबंध नाही.

शनिवारातला_जोशी
संबंध कसा नाही? रेयांश म्हणजे काय हो?

रत्नांग्रीवाला
सूर्याचा अंश असं लिहिलेलं होतं.

शनिवारातला_जोशी
कुठल्या संस्कृतात? 'रे' म्हणजे किरण हे इंग्रजी झालं, त्याला मागून संस्कृत अंश चिकटवला. असो. मूळ मुद्द्यावर, तुमचं दोघांचंही चुकतंय. धोंडो हे दगडावरून नाहीच. काशीचा धुंडिराज गणपती, त्यावरून धुंडिराज, त्याचं बोलीत धोंडो. दादासाहेब फाळके धुंडिराज गोविंद. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत, ते इंग्रजांनी धुंडू पंत असं पण लिहिलंय. म्हणजे देवाचं नाव आहे, उगाच आजारपण आणि यम आणायची गरज नाही.

रत्नांग्रीवाला
इंग्रजांनी पुण्याचं पूना केलं, त्यांच्या स्पेलिंगवरून व्युत्पत्ती काढणार का तुम्ही? काही घरांत धुंडिराजाचा धोंडो झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग दगडू कुठल्या गणपतीवरून आला? आणि केरू? भिकू? नथू म्हणजे पोराचं नाक टोचून नथ घालायची, का तर मुलगी वाटावी आणि दृष्ट लागू नये. सगळी एकाच घरातली भावंडं आहेत ही. पुण्यात दगडूशेठच्या गणपतीला तासभर रांगेत उभे राहता, तेव्हा कुणाला हसू येत नाही दगडू म्हणताना.

लातूरची_सून
आमच्याकडं दोन्ही नाही. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात जन्मला की धोंडू, साधं आहे. माझे चुलतसासरे तसे. इतकं कशाला ताणायचं.

मिरजेचा_जावई
धोंड्याचा महिना म्हणू नका हो, जखमेवर मीठ. २०२३ च्या अधिक श्रावणात सासरी बोलावलं, वाण म्हणून ३३ बत्तासे. बत्तासे! माझ्या साडूला चांदीचं निरांजन आणि वर ३३ अनारसे, तेही घरी केलेले. मी काही बोललो नाही पण बायकोला सगळं दिसत होतं.

लातूरची_सून
बत्ताशे चालतात की. जाळीदार काहीही चालतं, अनारसे, बत्ताशे, म्हैसूरपाक. आणि खरं म्हणजे पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं असतं, ते केले का नाही ते सांगा.

मिरजेचा_जावई
धोंडे नव्हते. श्रीखंड होतं, डब्यातलं.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
डब्यातलं श्रीखंड म्हणजे हद्द झाली. पण जावयांनो, दर पावणेतीन वर्षांनी सासऱ्याच्या खिशात हात घालायचा आणि वर साडूच्या ताटाशी तुलना, लाज वाटत नाही का? माझ्या बाबांनी तीन मुलींचे धोंडे केलेत. पेन्शनवर.

मिरजेचा_जावई
मी मागितलं नव्हतं काही ताई. फरक का केला एवढंच विचारतोय.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मागितलं नाही पण मोजलं बरोबर ३३.

गावकुसाचा_नातू
तुमचे अनारसे झाले असतील तर बोलू का? वरची कोंड्याची गोष्ट छान आहे, डोळे पाणावले, पण ती सगळ्यांची नाही. माझे आजोबा कचरू, त्यांचे धाकटे भाऊ धोंडू. त्यांच्या आधी घरात एकही पोर मेलेलं नव्हतं. मग नाव का? तर गावात आमच्या वस्तीत पोर झालं की चांगलं नाव ठेवलेलं खपायचं नाही. एकाचं रामचंद्र ठेवलं होतं तर वाड्यावरून निरोप आला, रामा म्हणा फार तर. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलंय, ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. तेव्हा प्रत्येक दगडूमागे यमाला फसवणारी आई होती असं समजू नका, काहींच्या मागे हसणारा गाव होता.

शनिवारातला_जोशी
आली का जात. म्हटलंच अजून कशी आली नाही. अहो कर्वे चित्पावन होते, त्यांना काय जुगुप्सित नाव ठेवायला सांगितलं होतं कुणी? आणि खेड्यात सटवाईला नवस बोलणाऱ्या बाईला मनुस्मृती कोण वाचून दाखवत होतं?

गावकुसाचा_नातू
वाचून दाखवायची गरजच नव्हती, वाड्यावरचा निरोप पुरायचा. आणि कर्व्यांचं बोलताय ना, नीट बघा. तुमच्याकडे धोंडो, धोंडोपंत. मधल्या घरात धोंडिबा. आणि आमच्याकडे धोंड्या. दगड तोच, शेवटचं अक्षर बघा फक्त. आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर सुद्धा कचऱ्या आहे, मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. कर्व्यांच्या दाखल्यावर धोंड्या असेल का?

शनिवारातला_जोशी
सगळीकडे तेच दिसतं तुम्हाला. लाडाने पण धोंड्या म्हणतात. मला घरी अजून पम्या म्हणतात.

गावकुसाचा_नातू
घरी म्हणतात पम्या. बँकेत कोण म्हणतं का?

रत्नांग्रीवाला
जोशीबुवा राहू द्या, याला उत्तर नाहीये. धोंडो आणि धोंड्याचं मी सुद्धा कधी असं पाहिलं नव्हतं. आमच्या आजोबांना गावात धोंडूशेठ म्हणायचे, दुकान चाललं तेव्हापासून. त्याआधी काय म्हणायचे ते आता विचारायला कुणी उरलं नाही. पण नातूभाऊ, पणजीने केलं ते खरंच होतं, तेवढं माझं मी सोडणार नाही.

गावकुसाचा_नातू
सोडा कोण म्हणतंय. फक्त सगळ्यांच्या वतीने सांगू नका.

वहिनी_न्यूजर्सी
मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, इकडे यायच्या आधी. मला वाटतं ही नावं हसण्याने नाही गेली, लसीने गेली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी नाही. पोलिओ, गोवर, धनुर्वात, एकेक लस आली, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, मग एकामागून एक पोरं जायची बंद झाली. पोर जगणार याची खात्री झाली की मग लोक अर्थ शोधत बसतात, राशी बघतात. रेयांश ठेवायला फुरसत लागते.

बाळाचे_बाबा
म्हणजे शेवटी नाव मेलं ते बरंच झालं, हेच म्हणत होतो मी.

वहिनी_न्यूजर्सी
तुम्ही म्हणत होता त्या अडाणी होत्या. लस नव्हती तेव्हा त्यांच्या हातात नावच होतं. आणि मुलींचं कुणीच बोललं नाही इथे. पोरगा जगावा म्हणून धोंडू, आणि तिसरी मुलगी झाली की नकुशी, म्हणजे नको असलेली. साताऱ्यात २०११ साली २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलून दिली. ऐकायला दोन्ही नावं सारखीच वाईट, पण एक जग म्हणून ठेवलेलं आणि दुसरं कशाला आलीस म्हणून. पोस्टमध्ये नकुशी पण होती, चौथ्या नंबरवर, हसरी तोंडं लावून.

बाळाचे_बाबा
नकुशी काढली यादीतून. आत्ताच. धोंडूचं वाक्य पण बदललं, अडाणी शब्द काढलाय, घ्या. हुंडा मागितल्यासारखे मागे लागलात सगळे. आता खूश? पण माझ्या पोराचं नाव मी धोंडू ठेवणार नाही म्हणजे नाही.

रत्नांग्रीवाला
ठेवा म्हटलंय कुणी? आमची तर दुसरीच रड आहे. आजोबांच्या दाखल्यावर धोंडू, सातबाऱ्यावर धोंडो, आधार कार्डावर धोंडीराम, आणि मृत्यूच्या दाखल्यावर जोशींच्या कृपेने धुंडिराज. चौघं एकच होते हे सिद्ध करायला वारसनोंदीसाठी दीड वर्ष खेटे घालतोय. तलाठी म्हणतात प्रतिज्ञापत्र आणा, प्रतिज्ञापत्रवाला म्हणतो आधी नाव ठरवा.

शनिवारातला_जोशी
माझ्या कृपेने कसं? मृत्यूच्या दाखल्यावर धुंडिराज आहे म्हणजे तुमच्याच घरातल्या कुणीतरी तसं सांगितलं असणार. बघा, मी म्हणतच होतो.

रत्नांग्रीवाला
काकांनी सांगितलं. ते म्हणाले धोंडू बरं दिसत नाही.

मिरजेचा_जावई
चौघांच्या नावाने ३३ गुणिले ४ अनारसे निघतात.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
अजून तिथेच आहात का तुम्ही!