भेकर संपलं की माणसाला बघून लपायला शिकलं?

सडेकर
"आता भेकर उरलं नाही" असं कोकणात सर्रास ऐकू येतं. भेकर म्हणजे भुंकणारं लहान हरीण. मला ते पटत नाही. भेकर आहे, पण दिवसाउजेडी फिरायचं सोडून बसलंय, आणि त्याला कारण शिकाऱ्यांचं रानातलं वागणं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तरी चोरटी पारध चालतेच. डुकरासाठी हाका घालतात. वरून कुत्रे, डबे, आरोळ्या आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी बंदुका. त्याच जाळीत बसलेलं भेकरही उठतं. ते एकटं राहणारं, आपला मुलूख धरून असणारं जनावर आहे. हाकललं तरी परत तिथेच येतं, फक्त वेळ बदलून. पहाटे नि सांजेला चरणारं भेकर मग मध्यरात्री चरतं.

काजरा
असहमत. हाका वर्षातून मोजके दिवस पडतो. डोंगर मात्र जेसीबीने कायमचा साफ होतो. काजू-आंब्याच्या कलमांखाली झुडूप ठेवत नाहीत, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत दर उन्हाळ्यात पेटतं. भेकराला खांद्याइतका, म्हणजे साधारण दोन फुटांचा आडोसा लागतो. तो नसला की ते माणसाला लांबूनच हेरतं आणि निघून जातं. शिकारी नसलेल्या बागेतही ते दिसत नाही, ते का?

मतलई
दोघांनाही विचारतो, बघायला जाणारा माणूस कसा जातो? निम्मी चूक तिथेच असते. किनारपट्टीवर पहाटे मतलई वारा वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. व्हाळातली गार हवाही तेव्हा खालीच उतरते. म्हणून पहाटे व्हाळात खालून वर शिरायचं. वरून उतरलात तर तुमचा वास तुमच्या आधी खाली पोचतो. ऊन तापलं की हवा चढाला लागते, पाठोपाठ समुद्राकडून खारा वारा येतो आणि सगळं उलटतं. मधल्या पडलेल्या वाऱ्यात वास गरगर फिरतो, तेव्हा हलूच नये. चुलीतली राख पातळ फडक्यात बांधून जवळ ठेवा. झटकली की वारा कळतो.

दहा पावलं चालून दोन मिनिटं थांबा. दवाने पाला मऊ असतो तोवरच चाला. हरणांना तांबडा रंग नीट कळत नाही, निळा मात्र ठळक दिसतो, त्यामुळे नीळ दिलेला पांढरा सदरा नको. भेकर भुंकायला लागलं म्हणजे त्याला संशय आलाय. तिथेच गोठून राहा. पुढे सरकलात तर ते गेलंच.

सडेकर
वाऱ्याचं मान्य. पण हाक्याइतकीच वाईट आहे फासकी. डुकरासाठी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडीत तारेची फासकी लावतात आणि त्यात भेकर अडकतं. आवाज नाही, उजेड नाही, कोणाला पत्ताही लागत नाही.

काजरा
मग तुमचाच मुद्दा तुटला. फासकीत मेलेलं भेकर लपलेलं नसतं, ते कमी झालेलं असतं. लपलं असेल तर खुणा मिळायला हव्यात.

मतलई
खुणा तपासता येतात. पाणवठ्याला येणाऱ्या वाटेवर हातभर रुंद पट्टा बारीक मातीने सारवल्यासारखा सपाट करा, संध्याकाळी, गुरं-शेळ्या परतल्यावर. उजाडायच्या आत बघा. भेकराचा खूर साधारण ३ सेंटिमीटर, पुढे टोकदार. शेळीचा मोठा आणि बोथट. डुकराच्या खुरामागे दोन जास्तीचे ठसे बहुधा उमटतात. पिसोरीचा, म्हणजे सशाएवढ्या चिमुकल्या हरणासारख्या जनावराचा, ठसा तर भेकराच्याही निम्म्याच्या आसपास. सलग दहा-बारा दिवस पाहा. ठसे आहेत पण दिवसा दर्शन नाही, तर सडेकरांचं खरं. ठसेच नाहीत आणि रात्री भुंकणंही नाही, तर काजरांचं.

काजरा
पद्धत पटली, पण वैशाखात पाणवठ्यावर हे करू नका. पाणी एक-दोन ठिकाणीच उरतं, माणसाचा वास राहिला की जनावर तहानलेलं परत फिरतं. रायगड जिल्ह्यातल्या फणसाडच्या रानात पाणवठ्याला गाण म्हणतात. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं, पण उन्हाळ्यात तिथल्या जनावरांचीही सगळी भिस्त या गाणींवरच असते. पट्टा पाण्यापासून निदान ५० मीटर लांब, वाटेवरच करा, आणि बघायला एकानेच जावं.

सडेकर
५० मीटर मान्य. पट्टा गडग्याच्या खिंडीतच करूया, फासकी असली तर तीही तिथेच सापडेल. सापडलेली फासकी मात्र स्वतः काढू नका, आधी फोटो काढून वनरक्षकाला बोलवा. नाहीतर पंचनाम्याला पुरावा उरत नाही.