मदत हवी आहे: दुसरी हार्डडिस्क जोडल्यावर प्रीमियरमध्ये सगळं 'मीडिया ऑफलाइन'

नमस्कार मंडळी,

अमळनेर, पारोळा, एरंडोल या पट्ट्यातल्या गावांत आखाजीची (खानदेशातल्या अक्षय तृतीयेची) गाणी चित्रित करते आहे. गौराईची, झोक्यावरची, सासर-माहेरची. गाणाऱ्या बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या. त्या पुन्हा त्याच उमेदीने गातील असं धरून चालता येत नाही, म्हणून अंदाजाने बटणं दाबण्याआधी इथे विचारते.

विंडोजचा लॅपटॉप, संपादनासाठी प्रीमियर प्रो. प्रोजेक्ट फाइल लॅपटॉपवर, सगळं चित्रीकरण बाहेरच्या हार्डडिस्कवर. ती भरली म्हणून दुसरी घेतली. दोन्ही जोडून प्रीमियर उघडलं तर टाइमलाइन लाल! कापाकापी, सबटायटल सगळं जागेवर आहे, फक्त चित्र आणि आवाज नाही. डिस्क उघडून पाहिली, फायली व्यवस्थित आहेत आणि प्लेअरमध्ये चालतात. फरक एवढाच की जुनी डिस्क आधी ई दिसायची, आता एफ दिसते. ई हे अक्षर नव्या डिस्कने घेतलं.

लिंक मीडियाची खिडकी येते. लोकेट करून सर्च दिलं तर खरी अडचण पुढे येते. कॅमेरा प्रत्येक कार्डावर सी०००१ पासून नंबर सुरू करतो, त्यामुळे एकाच नावाची फाइल पारोळ्याच्या फोल्डरमध्येही आहे आणि एरंडोलच्याही. चुकीची जोडली गेली तर एका आजीच्या गाण्याखाली दुसऱ्याच गावाचं सबटायटल जाईल. म्हणून काहीच सेव्ह न करता बंद केलं.

योग्य फाइल ओळखायची कशी? शिवाय रंगांचं काम जळगावचे एक जण मॅकवर, डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये करणार आहेत. डिस्क तिकडे नेल्यावर पुन्हा हेच होणार का?

प्रतिसाद १

ताई, काळजी करू नका, व्हई जाई (होऊन जाईल). सेव्ह न करता बंद केलंत हे फार बरं झालं.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कुठली क्लिप कुठून कुठवर कापली आणि मूळ फाइल कुठे आहे, एवढीच नोंद असते. म्हणून तर शेकडो जीबी चित्रीकरणाची प्रोजेक्ट फाइल काही एमबीत मावते. नोंदीतला पत्ता 'ई' पासून सुरू होतो आणि त्या पत्त्यावर आता नवी डिस्क बसली आहे.

तेव्हा रीलिंक (क्लिपा फायलींशी पुन्हा जोडणं) करूच नका, पत्ता परत द्या. प्रीमियर बंद करा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. आधी नव्या डिस्कचं अक्षर बदलून आर किंवा त्याच्या पुढचं द्या, म्हणजे ई मोकळं होईल. मग जुन्या डिस्कला ई द्या. यात फायलींना धक्का लागत नाही. फक्त त्याच मेन्यूत फॉरमॅटही असतं, तिथे बोट जाऊ देऊ नका. विंडोज सहसा पहिलं मोकळं अक्षर देतं, म्हणून संपादनाच्या डिस्कला शेवटाकडचं अक्षर दिलेलं बरं. हाताने दिलेलं अक्षर त्या लॅपटॉपवर बहुधा टिकतं. दुसऱ्या संगणकावर मात्र ते लागू नसतं.

प्रतिसाद २

वरचा उपाय बरोबर आहे. पण कधीतरी रीलिंक करावंच लागेल, म्हणून हे लक्षात असू द्या. लिंक मीडियाच्या खिडकीत प्रत्येक क्लिपसमोर जुना पूर्ण पत्ता दिसतो. गावानुसार फोल्डर असतील तर कुठली सी०००१ हवी ते तिथेच कळतं. शिवाय त्या खिडकीत नावाबरोबर 'मीडिया स्टार्ट' वर खूण करा, म्हणजे टाइमकोडही (क्लिपमधली वेळेची नोंद) जुळवला जातो. 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' ची खूण काढून एकेक गाव स्वतंत्र जोडा. वेळ जाईल, पण तुमच्या कामात तो घालवावाच.

मूळ फायलींची नावं आता बदलू नका, दुवे तुटतील. पुढच्या चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फाइल क्रमांक 'सिरीज'वर ठेवता येतो का बघा. तसं असेल तर कार्ड बदललं तरी क्रमांक पुढे चालू राहतो.

आणि ताई, जुन्या डिस्कची दुसरी प्रत आहे ना? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा.

प्रतिसाद ३

मॅकबद्दल. तिथे अक्षरं नसतात, डिस्कच्या नावावरून पत्ता बनतो. त्यामुळे डिस्कला नीट वेगळं नाव द्या आणि ते बदलू नका. डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा) असेल तर मॅक ती वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट हा फॉरमॅट दोन्हीकडे चालतो, मात्र फॉरमॅट बदलायचा तर डिस्क पुसली जाते. तेव्हा ते रिकाम्या डिस्कवरच करायचं.

प्रीमियरचं प्रोजेक्ट रिझॉल्व्ह थेट उघडत नाही. टाइमलाइनची फायनल कट प्रो एक्सएमएल (कापाकापीची नोंद असलेली फाइल) काढून द्या. जळगावच्या मंडळींना सांगा की आयात करताना 'क्लिपा आपोआप आणा' ची खूण काढा आणि आधीच मीडिया पूलमध्ये (रिझॉल्व्हमधल्या क्लिपांच्या साठ्यात) फोल्डरसकट आणलेल्या क्लिपांशी टाइमलाइन जुळवा. तिकडेही एकाच नावाचा गोंधळ होऊ शकतो, म्हणून संपादित व्हिडिओची एक हलकी एमपी४ सोबत द्या. शेजारी लावून पाहिलं की चुकलेली क्लिप लगेच दिसते.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. नव्या डिस्कला आर दिलं, जुनीला ई, आणि प्रीमियर उघडलं तर काही न विचारता सगळं जागेवर! प्रत्येक गाण्याची सुरुवात सबटायटलशी ताडून पाहिली, बरोबर आहे.

प्रत नव्हती. आता नव्या डिस्कवरच जुनीची फोल्डर-रचना जशीच्या तशी उतरवते आहे. नवं चित्रीकरण तोवर थांबेल. मॅकसाठी वेगळी डिस्क एक्सफॅट करून घेईन. एक राहिलं: प्रीमियरच्या प्रोजेक्ट मॅनेजरमधून फक्त वापरलेल्या क्लिपा गोळा करून जळगावला दिल्या तर एकाच नावाच्या फायली एकमेकींवर बसतील का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.