लोकरीचा बूट, उसाचा सोल: साहित्य बदलले म्हणजे कंपनी पर्यावरणस्नेही झाली का?

उलटटाका (धागाकर्ता)
परवा एका सदस्याने लिहिले की लोकर, नीलगिरीच्या लगद्याचा धागा आणि उसापासूनचा फोम वापरणारी कंपनी उभी राहिली की पादत्राणांच्या प्रदूषणाचा निम्मा प्रश्न सुटतो. हे विधान मला इतके खटकले की दोन ओळींत उत्तर देणे जमेना. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या साध्या बुटांचा हिशेब मांडला होता. त्या बुटांत ६५ सुटे भाग होते, ते घडवून जोडायला ३६० हून अधिक प्रक्रिया लागत होत्या आणि एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा कच्च्या मालाचा नव्हता, तर साचे तापवण्याच्या आणि भाग घडवण्याच्या कामाचा होता, कारण यंत्रांमागची वीज मुख्यतः कोळशाची होती. वरचा भाग लोकरीचा करून कारखाना तसाच ठेवला, तर नेमके काय बदलले?

रानवाट
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. लोकरीच्या बुटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑलबर्ड्स या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये उसाच्या फोमची कृती स्वतःपुरती न ठेवता इतरांसाठी खुली केली. तोवर बुटाच्या मधल्या थरासाठी खनिज तेलापासूनचा ईव्हीए फोम हाच जणू नियम होता. त्याच कंपनीने २०२० पासून आपल्या बुटांवर कार्बनचा आकडा छापायला सुरुवात केली. तुम्ही ज्या कारखान्याचा हिशेब मागता, तो मागण्याची सवय ग्राहकाला कोणी लावली? साहित्यापासून सुरुवात करणाऱ्यांनीच.

हिशेबनीस
आकडा छापणे स्तुत्य आहे, पण कंपनी टिकली तरच त्याचा उपयोग. ऑलबर्ड्सचा समभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये १५ डॉलरला बाजारात आला. २०२१ ते २०२४ या चारही वर्षांत तोटा झाला आणि भाव इतका घसरला की सप्टेंबर २०२४ मध्ये वीस समभागांचा एक करावा लागला. माझ्या मते दोष लोकरीचा नाही. घाईने वाढण्यासाठी उभारलेले भांडवल आणि सावकाश उगवणारा कच्चा माल यांचा वेग जुळत नाही. व्हेजा या फ्रेंच बूट कंपनीने जाहिरातीवर खर्च न करण्याचे ठरवून तो पैसा अमेझॉनच्या जंगलातले रबर आणि सेंद्रिय कापूस यांच्या चांगल्या भावाकडे वळवला, आणि ती कंपनी आजही उभी आहे. आणखी एक सांगतो: मी एका कंपनीचे लोकरी बूट घेतले होते, त्यांना वर्षभरात अंगठ्यापाशी भोक पडले. वडिलांचे चामडी बूट मात्र तीनदा सोल बदलून चौदा वर्षे चालले. नैसर्गिकच हवे, तर चामड्याइतके नैसर्गिक दुसरे काय आहे?

ओढ्याकाठी
हे वाक्य वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. माझे बालपण कातडी कमावणाऱ्या कारखान्याच्या खालच्या अंगाला गेले. ओढ्याचे पाणी निळसर हिरवे वाहत असे आणि आई आम्हांला त्यात पाय घालू देत नसे. जगातले बहुतांश चामडे क्रोमच्या, म्हणजे क्रोमियम धातूच्या, क्षारांनी कमावले जाते. त्यातले काही क्रोमियम पुढे घातक रूप घेऊ शकते, म्हणूनच युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली. यात गुरांच्या मिथेनचा हिशेब तर मी धरलेलाही नाही. वडिलांच्या बुटाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

फर्मा
आठवण पुरावा नसेल, तर ओढ्याचीही नाही. मी वीस वर्षे हाताने बूट शिवतो आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमावता येते. क्रोमने एका दिवसात होणाऱ्या कामाला तिथे कित्येक आठवडे लागतात, आणि उद्योगाने क्रोम निवडले ते मुख्यतः या घाईपोटी. ज्याला आज ‘शाकाहारी चामडे’ म्हणतात, ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेले पॉलियुरेथेन नावाचे प्लॅस्टिक असते. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळी तुटते, त्यामुळे कपाटात नुसते ठेवलेले बूटही एके दिवशी हातात भुगा होऊन येतात. असे बूट माझ्याकडे दुरुस्तीला आले की मी ते परत पाठवतो, कारण टाका धरायला काही उरलेलेच नसते.

ओढ्याकाठी
तुम्ही सालीच्या चामड्याचे गुण सांगता आणि दुकानात विकले जाते ते क्रोमचे. हा अप्रामाणिकपणा आहे. तुमच्या टाक्यांचा मला आदर आहे, पण ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांना तुमच्या वीस वर्षांशी काय देणेघेणे?

फर्मा
अप्रामाणिक हा शब्द मला लागला. क्रोमचे कातडे मी वापरत नाही आणि त्यामुळे निम्मी गिऱ्हाइके परत जातात. क्रोमबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, एवढे मान्य करतो. प्लॅस्टिकबद्दल माझेही बरोबर आहे, एवढे तुम्ही मान्य करा.

रानवाट
अननसाच्या पानांच्या धाग्यापासून केलेल्या पर्यायाचे मी मागे येथे कौतुक केले होते. त्याच्यावरही प्लॅस्टिकसारख्या राळेचा थर द्यावा लागतो हे मला तेव्हा ठाऊक होते आणि मी ते लिहिले नाही. ती चूक झाली. रबराचेही तसेच: झाडाचा चीक नैसर्गिक असतो, पण गंधकाबरोबर तापवून पक्का केला की तो पुन्हा वितळवून नव्यासारखा वापरता येत नाही. तरीही, सगळेच शुद्ध मिळेपर्यंत कोणी काही सुरूच करू नये, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

उलटटाका (धागाकर्ता)
तो निष्कर्ष माझाही नाही, आणि आकडा छापण्याचे श्रेय मी नाइलाजाने का होईना देतो. पण प्रदूषणाचा मोठा वाटा घडणावळीत असेल, तर एकदा घडवलेला बूट दुप्पट काळ चालवणे हाच सर्वांत मोठा फरक ठरतो. आणि आजचे बहुतेक ‘नैसर्गिक’ बूट चिकटवलेल्या सोलचे असल्यामुळे सोल झिजला की वरची धडधाकट लोकरही कचऱ्यात जाते. व्हेजाने २०२० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला दुरुस्तीचे दुकान उघडले, ते मला उसाच्या फोमहून महत्त्वाचे वाटते. नवी कंपनी काढणाऱ्याने खोक्यावर कार्बनच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापावा: हा सोल किती वेळा बदलता येईल.

फर्मा
आणि तो बदलून कोण देणार, हेही.