कनेक्टिकटचा महिला संघ आधी जिंकला होता

वरच्या प्रतिसादात अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष संघामुळे तिथल्या महिला बास्केटबॉलला प्रसिद्धी मिळाली, असे म्हटले आहे. कालक्रम पाहता ते मला पटत नाही. रेबेका लोबो हिच्या महिला संघाने 35 पैकी 35 सामने जिंकून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते 1995 मध्ये. रिचर्ड हॅमिल्टनच्या पुरुष संघाला ड्यूकविरुद्ध 77-74 असा विजय मिळवून त्या मानापर्यंत पोहोचायला 1999 उजाडले. स्टॉर्ससारख्या आडगावी वसलेल्या या विद्यापीठाचे नाव देशभर गाजवण्यात मुलींचा वाटा, निदान माझ्या मते, पहिला आहे.

चर्चेत 2004 चा उल्लेख अजून आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. त्या वर्षी 5 एप्रिलला एमेका ओकाफोर आणि बेन गॉर्डन यांच्या पुरुष संघाने जॉर्जिया टेकला 82-73 असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी डायना टॉरासीच्या महिला संघाने टेनेसीवर 70-61 अशी मात केली. एकाच हंगामात दोन्ही विजेतेपदे मिळवणारे अमेरिकेच्या सर्वोच्च विद्यापीठीय श्रेणीतील हे पहिलेच विद्यापीठ होते आणि 2014 मध्ये त्यानेच हा पराक्रम पुन्हा केला. ओकाफोरने तर वित्त विषयातील पदवी तीन वर्षांतच पूर्ण केली होती (खेळाडू अभ्यासात मागे असतात, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे). याच महिला संघाच्या ब्रिआना स्टुअर्टने मात्र सगळ्यांवर कडी केली: 2013 ते 2016 अशी सलग चार विजेतेपदे आणि चारही वेळा अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान.