मदत हवी आहे: मोटारहोममधील टेबल जेवण, काम आणि झोप या तिन्हींसाठी कसे करावे?

सप्रेम नमस्कार,

आम्ही दोघे साताऱ्यात राहतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक वापरलेली फोर्स ट्रॅव्हलर घेतली, तिची आतली बांधणी एका कारागिराकडून करून घेतली आणि गेले आठ महिने आम्ही महिन्यातील दहा-बारा रात्री त्या गाडीतच काढतो. पाण्याची टाकी, शेगडी, दिवे यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. अडले आहे ते टेबलापाशी, आणि त्याविषयीच जाणकारांचा सल्ला हवा आहे.

चालकाच्या पाठीमागे समोरासमोर दोन बाके आहेत. प्रत्येक बाक खिडकीपासून मधल्या वाटेपर्यंत ४२ इंच लांब आणि २० इंच खोल असून दोहोंमध्ये २८ इंचांची मोकळी जागा आहे. या जागेत एका खांबावर टेबल उभे असते. रात्री खांब काढून टेबलाची फळी बाकांच्या कडेला ठोकलेल्या पट्ट्यांवर टेकवली आणि वर पाठीच्या गाद्या अंथरल्या की ६८ इंचांचा पलंग तयार होतो. कागदावर ही योजना मला फारच हुशारीची वाटली होती. मात्र पलंगात फट राहू नये म्हणून फळी जवळजवळ २८ बाय ४२ इंचांची करावी लागली, आणि एवढी फळी दिवसभर मध्ये उभी राहिली की आतल्या बाजूला बसणाऱ्याला कडेकडेने घसटत जावे लागते. पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिला गुडघा वाकवून, खांबाला वळसा घालून आत सरकणे जमत नाही, त्यामुळे खिडकीची जागा कायम माझ्याकडे आणि मधल्या वाटेकडचा वारा तिच्याकडे, अशी वाटणी झाली आहे.

फळी १८ मिलिमीटर प्लायची असून दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेला आहे. ती हातात धरून मी वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यातून माझे वजन वजा केले, तेव्हा ती साडेदहा किलो भरली. रोज रात्री हे ओझे उचलून खाली बसवायचे आणि सकाळी पुन्हा खांबावर चढवायचे, हा व्यायाम साठीनंतर हौसेने करण्यासारखा नाही.

डुलण्याचा त्रास तर सर्वांत मोठा आहे. खांबाची वाटी १२ मिलिमीटरच्या फरशीच्या प्लायमध्ये नुसत्या स्क्रूने बसवलेली होती. पसरणी घाटाने दोन-तीनदा वर-खाली केल्यावर ते स्क्रू सैल झाले. आता पोळपाट ठेवून पहिली पोळी लाटायला घेतली की लाटण्याच्या प्रत्येक फेरीबरोबर टेबल एका बाजूला कलते, पिठाचा डबा हळूहळू कडेकडे चालू लागतो आणि मला एका हाताने फळीचा कोपरा दाबून धरावा लागतो. बांधणी करणाऱ्याला विचारले असता ‘गाडी आहे म्हटल्यावर एवढे हलणारच’ असे उत्तर मिळाले.

पत्नी मुद्रितशोधनाचे काम करते आणि त्यासाठी रोज तीन-चार तास लॅपटॉपसमोर बसते. टेबल जमिनीपासून ३० इंचांवर आहे. बाक गादीसह १७ इंच असले तरी माणूस बसल्यावर फोम दबून ते साडेपंधरापर्यंत येते. म्हणजे आसनापासून फळीपर्यंत साडेचौदा इंच होतात आणि टंकताना खांदे कानांपर्यंत चढतात. घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मोजले, तर हेच अंतर ११ इंच भरले. माप गादी दाबून घ्यायला हवे होते, ही चूक माझी आहे आणि ती मला मान्य आहे.

मी आतापर्यंत तीन पर्यायांचा विचार केला आहे. भिंतीवर रूळ बसवून त्यात फळीची एक कड अडकवायची आणि दुसऱ्या कडेला घडीचा पाय द्यायचा, ही परदेशी गाड्यांतील जुनी व बळकट पद्धत आहे. परंतु ट्रॅव्हलरची भिंत वर जाताना आत झुकते आणि नेमक्या त्या उंचीवर माझ्या खिडकीची चौकट येते. दुसरा पर्याय बाकाच्या बाजूला बसवायच्या फिरत्या हाताचा, ज्यावर फळी पुढे-मागे, वर-खाली आणि गोल फिरते. गुडघ्याच्या दृष्टीने तो उत्तम दिसतो, पण आयात केलेला घ्यावा की कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर करून घ्यावा, हे ठरत नाही. तिसरा पर्याय आहे तोच खांब पक्का करून फळीला मध्ये बिजागऱ्या लावण्याचा, म्हणजे दिवसा निम्मे टेबल मिटलेले राहील.

युरोपातील मोटारकॅराव्हॅनच्या, म्हणजे मोटारहोमच्याच, व्याख्येत आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. त्या सर्व गाडीला पक्क्या जोडलेल्या असाव्यात, पण टेबल मात्र सहज काढता येण्याजोगे चालते, अशी मोकळीक त्यात दिलेली आहे. व्याख्या करणाऱ्यांनाही टेबल एका जागी सुखाने राहत नाही हे ठाऊक असावे! तेव्हा या तिन्ही पर्यायांपैकी काय निवडावे आणि आहे त्या फळीचे काय करावे, हे कृपया सुचवावे.

प्रतिसाद, मिरजेहून

काका, नमस्कार. माझे फर्निचरचे काम आहे आणि चार गाड्यांचे आतले काम मी केले आहे. आपला प्रश्न टेबलाचा कमी आणि पलंगाचा जास्त आहे, असे मला वाटते. फळीला पलंग व्हायला लावले म्हणून ती २८ बाय ४२ झाली, आणि तेवढी झाली म्हणून जड, अडचणीची आणि डुलणारी झाली. पलंगातून टेबलाला मोकळे करा. मधल्या २८ इंचांसाठी तीन इंच रुंदीच्या, पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या घ्या, दोन-दोन बोटे अंतर ठेवून त्या नवारीच्या दोन पट्ट्यांवर खिळवा आणि वळकटी करून बाकाखाली ठेवा. रात्री ती आहे त्याच आधारपट्ट्यांवर उलगडायची. खालून हवा खेळल्याने गादीला ओलही धरत नाही, आणि आपल्याकडे कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात राहायचे तर हा फायदा लहान नाही.

टेबल मग १८ बाय ३० इंच पुरे. १२ मिलिमीटरचे आयएस ७१० शिक्क्याचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय घ्या. सनमायका दोन्ही बाजूंनी लावाच, एकाच बाजूला लावला तर फळी वाकते. एवढी फळी चार किलोच्या आत बसेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, स्वस्त पडते, पण ते प्लायपेक्षा जड असते आणि कडेने पाणी शिरले की फुगते. इथे सतारी घडवणारे तुणाचे हलके लाकूड वापरतात, म्हणून एका गिऱ्हाईकाने त्याच लाकडाचा हट्ट धरला होता. तुण सतारीला शोभते, टेबलावर मात्र ताटाच्या कडेनेही ओरखडे उठतात. कोपरे दोन-अडीच इंच त्रिज्येने गोल करा. अरुंद वाटेत मांडीला लागणारा कोपरा माणूस विसरत नाही.

आपल्या गरजेला फिरता हात योग्य आहे. तो लेथवर होतो, पण त्याच्या खिट्टीची पकड मऊ लोखंडाची केली तर वर्षभरात झिजते, म्हणून निदान पकडीचा भाग तयार आणावा. बाकाची बाजू नुसत्या प्लायची असेल तर आतून एक इंची चौकोनी लोखंडी नळीची चौकट देऊन आरपार बोल्ट मारा. हात दीड फूट बाहेर आलेला असताना कोणी टोकावर टेकून उठले, तर सारा जोर त्या चार बोल्टांवर येतो. उठताना टेबलाचा आधार घ्यायची सवय गुडघेदुखीत लागतेच, त्यामुळे काकूंसाठी खिडकीच्या चौकटीला वेगळी मूठ बसवा.

चालत्या गाडीत फळी हातावरून काढून बाकाच्या पाठीमागे उभ्या खाचेत पट्ट्याने आवळायची. जोराच्या धडकेत चार किलोची सुटी फळी चाळीस किलोच्या जोराने येते, असे समजून बांधा. खाचेला आतून फेल्ट लावले की खडखडाटही होत नाही.

प्रतिसाद, सांगलीहून

वहिनींना माझा निरोप सांगा, की फिरत्या टेबलावर कणीक तिंबायला किंवा पोळ्या लाटायला मुळीच जाऊ नये. आमच्या गाडीत ओट्याच्या वरच्या खणाखाली पाटाएवढी फळी खणासारखीच बाहेर ओढता येते. ती कंबरेच्या खाली येत असल्याने उभ्याने लाटताना जोर नीट लागतो. टेबलाला फक्त ताटे आणि लॅपटॉप एवढेच काम ठेवा.

मूळ लेखकाचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी जुन्या खोक्याचा १८ बाय ३० इंचांचा पुठ्ठा कापला, तो दोन डब्यांवर ठेवून दबलेल्या गादीपासून ११ इंचांवर आणला आणि पत्नीला खिडकीकडे बसवले. पुठ्ठा बाजूला सरकवून ती तीन वेळा आत-बाहेर गेली व गुडघा कुठेही अडला नाही. जेवायला ११ इंच सोयीचे वाटले, टंकायला मात्र तिला साडेनऊ हवे आहेत, म्हणजे वर-खाली होणारा हातच घ्यावा लागेल. दोन ताटे, आमटीची वाटी आणि पाण्याचा तांब्या एवढे ठेवून पाहिले. तांब्या पुठ्ठ्यावर मावला नाही, तो खिडकीच्या कडेवर गेला. त्यामुळे १८ ऐवजी २० इंच रुंदी घ्यावी असे म्हणतो.

आता एकच शंका राहिली आहे. उताराच्या जागी गाडी उभी केली की ४२ इंचांत एका अंशाला पाऊण इंचाचा फरक पडतो, आणि गाडी समतल करण्याचे लाकडी ठोकळे लावूनही एक-दीड अंश राहतोच. फिरत्या हाताच्या डोक्यावर, फळीच्या खाली, तिरकेपणा मोडण्यासाठी काही जोड देता येतो का, की तेवढ्यासाठी फळीला चहूबाजूंनी पाव इंचाचा काठ ठेवणे पुरेसे होईल?